व्यायामशाळा रिकामी का राहते? आवडीचं नंतर बघू, आधी वेळापत्रक काढा

नमस्कार.

मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहावं म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तालुक्याच्या गावचं वरिष्ठ महाविद्यालय, दीड-एक हजार विद्यार्थी, त्यातले बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारे. गेल्या वर्षी व्यायामशाळा बांधली, मल्टीजिम बसवलं, फीत कापली. आज तिथे रोज वीस-पंचवीस मुलं दिसतात, तीही तीच ती. मुली नाहीतच. तुम्ही अर्थशास्त्र शिकवता, जिमखाना समिती यंदा तुमच्या गळ्यात पडली आहे आणि प्राचार्यांना ‘विद्यार्थ्यांना व्यायामाची आवड का नाही’ यावर सर्वेक्षण हवंय. मोबाइल हे कारण तुम्ही जवळजवळ ठरवूनच टाकलंय.

मी शारीरिक शिक्षण संचालक आहे. नोकरीचा पहिला भाग तुमच्यासारख्याच तालुक्याच्या महाविद्यालयात गेला, नंतरचा शहरात. दोन्हीकडे हाच प्रश्न ऐकला, फक्त दोषी बदलत गेला. आधी टीव्ही होता, मग क्लासेस आले, आता मोबाइल. म्हणून सांगते, सर्वेक्षणाचा फॉर्म छापायच्या आधी थोडं थांबा.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. व्यायामशाळेत किती जण येतात हा एक, आणि विद्यार्थी दिवसभरात किती हालचाल करतात हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. तुमच्या वर्गात मागच्या बाकावर डुलक्या काढणारी एखादी मुलगी सकाळी पाणी भरून, गोठ्यातलं आवरून, फाट्यापर्यंत दीड-दोन किलोमीटर चालून आलेली असू शकते. कांदा लागवडीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत तिची हालचाल तुमच्या व्यायामशाळेतल्या मुलांपेक्षा जास्तच भरेल. तिला ‘तू व्यायाम करतेस का?’ असं विचारलंत तर ती ‘नाही’ म्हणणार, आणि तुमच्या तक्त्यात ती निष्क्रिय ठरणार. शेतातल्या कष्टाने व्यायामाची सगळी गरज भागते असं मात्र मी म्हणत नाही. दिवसभर वाकून केलेलं काम आणि मोकळ्या वेळात आपल्या मर्जीने केलेला व्यायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो, हे दाखवणारे अभ्यास झालेले आहेत. पण तिला आळशी म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

मोठं चित्र काळजीचं आहे, यात वाद नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास, स्त्रियांत ५७. सन २००० मध्ये एकूण आकडा २२ टक्के होता. ‘पुरेशी’ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची किंवा ७५ मिनिटं दमवणारी हालचाल. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. सतरा वर्षांपर्यंत हीच अपेक्षा रोज सरासरी ६० मिनिटांची असते. म्हणजे अकरावी-बारावीतून तुमच्याकडे येताना पट्टी खाली आलेली असते, तरी मुलं तिच्याखालून जातात.

ही घसरण फक्त आपल्याकडे होते असंही नाही. कॅनडात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठात पहिल्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना विचारलं होतं. शाळेच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्यांच्यातले साधारण दोनतृतीयांश पुरेसा जोरकस व्यायाम करत होते, विद्यापीठातल्या पहिल्या दोन महिन्यांत ४४ टक्के. अभ्यास लहान होता, आणि तेव्हा हातात आजच्यासारखे स्मार्टफोनही नव्हते. माणूस तोच, उन्हाळ्याची एक सुट्टी मध्ये गेली, आणि हालचाल गळाली. एका सुट्टीत कुणाची आवड मरत नाही. बदलते ती दिवसाची मांडणी.

शाळेत मुलाला हलवणाऱ्या गोष्टी त्याने निवडलेल्या नसतात. घंटा होते, पीटीचा तास असतो (दहावीला तो गणिताचे सर पळवतात, ते सोडा), मधल्या सुट्टीत मैदान समोरच असतं, सायकलवर यावं लागतं, संध्याकाळी गल्लीतली पोरं हाक मारतात. महाविद्यालयात हे सगळं एकाच जूनमध्ये संपतं. सायकल धाकट्या भावाकडे जाते. गल्लीतले मित्र पाच गावांना पांगतात. बारावीला निदान आरोग्य व शारीरिक शिक्षणाची श्रेणी तरी गुणपत्रिकेवर यायची. आता व्यायाम करायचा तर स्वतः ठरवायचा, स्वतः वेळ काढायचा, स्वतः जागा शोधायची आणि सोबतही स्वतःच जमवायची. अठराव्या वर्षी, नव्या गावात. पालकांचाही रस इथेच आटतो. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात तोवर ‘खेळ रे’ म्हणणारे वडील एफवायला ‘आता पुरे झालं’ म्हणतात.

त्यात आपल्या शैक्षणिक वर्षाची एक गंमत आहे. बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांत ती सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपलं वर्ष पावसात सुरू होतं. प्रवेश जून-जुलैत, एफवायच्या याद्या लांबल्या तर ऑगस्टपर्यंत. नवीन मुलाला महाविद्यालयाची सवय लागते ती नेमकी या दोन-अडीच महिन्यांत: कुठल्या कट्ट्यावर बसायचं, कुठल्या बसने जायचं, तास संपल्यावर काय करायचं. आणि या काळात मैदानाची अवस्था काय असते? काळी माती असेल तर बुटाला किलोभर चिखल. खो-खोचं मैदान आखायला फक्की (चुन्याची पूड) मारली की तासाभरात सर येते आणि रेषा वाहून जाते. सप्टेंबरअखेर मैदान वाळतं तेव्हा अंतर्गत परीक्षा, जर्नल आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेची गडबड. मग दिवाळी. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा मैदानाचा काळ, पण त्यात स्नेहसंमेलन, सहली आणि एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर. मार्चमध्ये ऊन आणि प्रात्यक्षिकं. तुम्ही विदर्भ-मराठवाड्याकडचे असाल तर मार्चनंतर सकाळी साडेआठनंतर मैदानावर उभं राहणंही नको होतं.

म्हणजे पहिल्या अडीच महिन्यांत ‘तास संपला की कट्टा, कट्ट्यावरून बस’ अशी जी घडी बसते, तीच पुढची तीन वर्षं चालते. डिसेंबरात मैदान छान वाळून तयार असतं, पण ते त्या मुलाच्या दिवसात कुठेच बसत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की जे करायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये, छताखाली करा. दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, पायऱ्या चढणं-उतरणं, टेबल टेनिस, सभागृहात खुर्च्या बाजूला सारून लंगडी. दिसायला किरकोळ आहे, पण ‘चार वाजता आपण तिकडे जातो’ ही सवय त्याने लागते. मैदान सुकलं की तीच मुलं बाहेर येतात.

आता वेळेकडे येऊ. तुमचं ‘मुली नाहीतच’ तिथे उलगडेल.

व्यायामशाळेची वेळ काय ठेवलीत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी असते तीच असावी असं धरते: सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते सात. ही वेळ गावात राहणाऱ्या मुलग्यांची आहे. बाहेरगावच्या मुलीचा दिवस कागदावर मांडून बघा. माझ्या पहिल्या महाविद्यालयात खो-खोचा सराव साडेचारला सुरू व्हायचा. एक मुलगी होती, पाठलागात इतकी चपळ की खांबाकडून कधी वळली ते कळायचं नाही. तिच्या गावची शेवटची सोयीची बस पाच दहाची. पुढची सव्वासातला, ती फाट्यावर सोडणार आणि तिथून अंधारात चालत जायचं. ती साडेचारला बूट घालायची, पाच मिनिटं वॉर्म-अप, एक डाव, आणि पाचला सॅक खांद्यावर टाकून स्टँडकडे पळत सुटायची. तिचा खरा व्यायाम त्या पळण्यातच होत असावा. दिवाळीनंतर दिवस लहान झाले आणि तिचं येणं बंद झालं. संघाच्या यादीसमोर तिच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा गेला. तिला खेळाची आवड नव्हती असं कुणी म्हणू शकेल?

बारावीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पास असतो, काही तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस शाळेच्या वेळेला धरून धावतात. पदवीला आल्यावर सवलतीचा पास काढता येतो, पण बस आपल्या वेळेला असेलच असं नाही. त्यामुळे बाहेरगावच्या मुलीचा व्यायाम हा तिच्या इच्छेइतकाच आगारातल्या फळ्यावर अवलंबून असतो. यावर उपाय एकच, व्यायामाची वेळ तासांच्या मधोमध आणायची. अकरा ते चारच्या वेळापत्रकात रोज कुठल्या ना कुठल्या वर्गाला एक मोकळा तास असतोच. तो कट्ट्यावर जातो. तोच पकडा.

वेळ जुळली तरी मुलींच्या वाटेत आणखी अडथळे असतात. कपडे बदलायला जागा आहे का? स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी आहे का, पाणी येतं का? पाळीच्या दिवसांत नॅपकिन टाकायची सोय आहे का? व्यायामशाळेची खिडकी मुलांच्या पार्किंगकडे उघडते का? हसू नका, मी पाहिलेल्या एका व्यायामशाळेत खिडक्यांच्या खालच्या काचांना पांढरा रंग दिल्यावर आठवड्याभरात मुली आत यायला लागल्या. ट्रॅकपँट आणि टी-शर्टचा आग्रह सुरुवातीला धरू नका. सलवार-कमीज आणि पायात बूट एवढ्यावर पहिला महिना जाऊ द्या. घरी ‘ट्रॅकसूट घेऊन द्या’ म्हटलं की दोन प्रश्न उभे राहतात, पैशाचा आणि ‘लोक काय म्हणतील’चा. दोन्ही प्रश्नांना पहिल्याच दिवशी हात घालण्याची गरज नसते.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे आमच्या क्षेत्रातले लोकही काणाडोळा करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. नऊ-साडेनऊवर असलेली मुलगी दोन मजले चढली की धापा टाकते. तिला मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावलं की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आपण म्हणतो, ‘आजकालच्या मुलींना दमच नाही.’ वर्षाच्या सुरुवातीला ग्रामीण रुग्णालयाशी बोलून रक्ततपासणीचं शिबिर घ्या. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी निघेल त्यांच्यावर उपचार सुरू होऊ देत. तोवर हलकं चालणं आणि स्नायू ताणण्याचे व्यायाम, तेही डॉक्टरांना विचारून. या एका कामाने सर्वेक्षणापेक्षा जास्त कळेल.

आता जरा घरातलीच गोष्ट. किल्ली कुणाकडे असते?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण जिमखान्यातला माणूस लगेच ओळखेल मी काय म्हणतेय. व्हॉलीबॉल डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे महाविद्यालयाच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेला असतो. तो हरवला तर ऑडिटला उत्तर द्यावं लागतं. म्हणून तो कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा बँकेत गेलेले. मुलगा एकदा येतो, दोनदा येतो, तिसऱ्यांदा कशाला येईल? मी एक साधी पद्धत पाडली होती. जुने, घासलेले चेंडू, दोऱ्या आणि रिंगा रीतसर निर्लेखित करून (नोंदवहीतून कमी करून) घ्यायच्या आणि एका उघड्या पेटीत मैदानाशेजारी ठेवायच्या. हरवल्या तर हरवल्या. ओळखपत्र जमा करा, अर्ज भरा, सही घ्या यातलं काही नाही. चेंडू हाताला लागेल अशा जागी असला की कट्ट्यावरची पोरं आपोआप उठतात. चांगल्या चेंडूंना खुशाल कुलूप लावा.

त्याहून मोठं कुलूप आमच्याच डोक्याला असतं. महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाचं काम मोजलं जातं ते किती संघ पाठवले, किती जण विद्यापीठाच्या संघात गेले, किती पदकं आली यावर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विभागीय, मग आंतरविद्यापीठ आणि खेलो इंडिया. या सगळ्यात हजारातली साठ-सत्तर मुलं येतात. टीए-डीए त्यांचा, किट त्यांचं, संचालकाची सगळी संध्याकाळ त्यांची. हे काम मला प्रिय आहे आणि ते झालंच पाहिजे. पण उरलेल्यांना संदेश मिळतो की मैदान आपलं नाही. कधीच न खेळलेला मुलगा व्हॉलीबॉलच्या जाळ्याशी एकदा उभा राहतो, सर्व्हिस जाळ्यात मारतो, कुणीतरी ‘ए काडी पैलवान, बाजूला हो’ म्हणतं. तो पुन्हा दिसत नाही. तुमच्या मल्टीजिममध्येही हेच होत असणार. आरशासमोर जुनी चार-पाच पोरं, मोठ्याने गाणी, आणि नवख्याला लॅट पुलडाउनचा दांडा कुठे धरायचा तेही माहीत नाही. विचारायची लाज वाटते.

मानसशास्त्रात डेसी आणि रायन या दोघांची मांडणी प्रसिद्ध आहे. माणूस एखादी गोष्ट टिकून करतो ती तीन गोष्टी मिळाल्या तर: थोडं आपल्या मर्जीने करता आलं, आपल्याला हे जमतंय असं वाटलं, आणि सोबत आपली माणसं असली. मैदानावर मला तिसरी गोष्ट सगळ्यांत प्रबळ दिसली. एकटा मुलगा आला तर पंधरवड्यात गळतो. तिघे-चौघे एकत्र आले तर सत्र काढतात, कारण एकाने दांडी मारली की बाकीचे त्याला सोडत नाहीत.

याचा पुरावा तुमच्याच गावात आहे. पहाटे पाचला बायपासवर जा. पोलीस भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतील. मुलग्यांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. कुणाकडे धड बूट नसतात, कुणी मोबाइलवर वेळ लावतं, कडेला गोळ्यासाठी चुन्याने आखलेलं वर्तुळ. त्यातली निम्मी तुमच्याच महाविद्यालयाच्या हजेरीपटावर निघतील, हे लिहून घ्या. तोच मोबाइल, तोच गरीब डबा, तीच बस. तरी ती पळतात, कारण पुढे नोकरी दिसते, गुण मोजता येतात आणि पाचला दारात हाक मारणारा गट असतो. भरती झाली किंवा वयाची मर्यादा ओलांडली की यातले बरेच जण पळणं सोडतात, हेही खरं. बाहेरच्या बक्षिसावर उभी राहिलेली सवय बक्षिसाबरोबरच जाते. पण गटाची ताकद काय असते ते तिथे बघायला मिळतं.

याच कारणाने ‘आदर्श दाखवा, पोरं प्रेरित होतील’ या सल्ल्यावर माझा फारसा भरवसा नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ऊर भरून आला. अशा विजयानंतर आठवडाभर मैदानावर गर्दी होते. त्या आठवड्यात वर्गावर्गांचे सामने लावले असतील तरच त्यातलं काही हाताला लागतं.

मोबाइलचं काय, ते राहिलंच. मी त्याला निर्दोष सोडत नाही. रात्री दीडपर्यंत रील बघणारा मुलगा सकाळी सहाच्या बॅचला येणार नाही, हे उघड आहे. वसतिगृहात तर हे फारच. पण दुपारी कट्ट्यावर मोबाइलमध्ये मान घातलेला मुलगा मोबाइलमुळे बसलेला नसतो. बस यायला अडीच तास आहेत, ग्रंथालयात जागा नाही, चेंडू कपाटात आहे, म्हणून तो मोबाइल बघत बसलेला असतो. मोबाइल कारण आहे की रिकाम्या वेळेचं भरताड, हे तपासायचं असेल तर त्याच्या पायाशी चेंडू टाकून बघा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. शहरातल्या अभियांत्रिकीच्या मुलाची अडचण बस ही नसून सबमिशन आणि जागेचा अभाव ही असते. तिथे आख्खं महाविद्यालय चार मजल्यांच्या इमारतीत असतं आणि मैदान कागदोपत्री. नर्सिंगच्या मुली ड्युटीत दिवसभर उभ्या असतात, त्यांना आणखी पळायला सांगणं चूक. त्यांना कंबर-पाठीचे व्यायाम आणि झोप हवी. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत फक्त एका खाटेची जागा भाड्याने घेऊन, राहून मेसचा एक डबा दोन वेळा पुरवणाऱ्या मुलाला जिममध्ये वजनं उचलायला लावण्याआधी तो काय खातो ते विचारा. अपंग विद्यार्थ्यांना आपण बहुतेकदा ‘सवलत’ देऊन बाजूला बसवतो. व्यायामाची गरज त्यांनाही तेवढीच असते. त्यांच्याशी बसून बोला.

आता सर्वेक्षण. प्राचार्यांनी मागितलंय तर द्यावंच लागेल, नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीलाही लागेल. ‘तुम्हाला व्यायामाची आवड आहे का?’ हा प्रश्न मात्र काढून टाका. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. जगभर वापरली जाणारी आयपॅक नावाची छोटी प्रश्नावली आहे, अवघे सात प्रश्न. गेल्या सात दिवसांत दमवणारी हालचाल, मध्यम हालचाल आणि चालणं किती दिवस, किती वेळ, आणि बसून किती वेळ गेला, एवढंच ती विचारते. कामातली, प्रवासातली, घरातली हालचाल तिच्यात धरली जाते. लोक आकडे थोडे फुगवून सांगतात, हे लक्षात ठेवून वाचा. तिला आपले चार-पाच प्रश्न जोडा: घर किती लांब, कुठल्या बसने जाता, दिवसात मोकळा तास कधी, व्यायामशाळेत कधी आत पाऊल टाकलंय का, नसेल तर का. शेवटच्या प्रश्नाला पर्याय देऊ नका, दोन ओळी कोऱ्या ठेवा. फॉर्मवर नाव नको. आणि एकदा सप्टेंबरात, एकदा जानेवारीत भरून घ्या, नाहीतर पाऊस आणि परीक्षा यांनाच तुम्ही आवडनिवड समजून बसाल.

नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रम म्हणून क्रीडा, योग, एनएसएस, एनसीसी यांना क्रेडिट आले आहेत. याचा सगळ्यांत मोठा फायदा असा की वेळापत्रकात अधिकृत तास मागता येतो. तो मागून घ्या. धोका तुम्हाला माहीतच आहे, तास कागदावर, हजेरी एकगठ्ठा. तसं व्हायला नको असेल तर त्या तासात निवड ठेवा. कुणाला चालायचं असेल तर चालू दे, कुणाला लेझीम, कुणाला वजनं. मूल्यमापन इतरांशी तुलना करून करू नका. तो सत्राच्या सुरुवातीला कुठे होता आणि शेवटी कुठे आला ते बघा. दोरीवर वीस उड्या मारणारी सत्तर मारायला लागली तर तिला पूर्ण गुण. चालणाऱ्याला वेग कसा सांगायचा? मिनिटाला साधारण शंभर पावलं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. आणि सलग अर्धा तास मिळालाच पाहिजे असं नाही. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळाची हालचाल मोजायची नाही हा जुना नियम जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकला. फाट्यापासून महाविद्यालयापर्यंत झपाझप चालणंही हिशेबात येतं, हे मुलांना सांगा. ऐकून त्यांना बरं वाटतं.

व्यायामशाळेपुरतं विचाराल तर मी पहिल्या महिन्यात एवढंच करेन. दुपारी बारा ते दोन ती उघडी ठेवायची, त्यातला एक तास फक्त मुलींचा, आणि त्या वेळी आत एखादी शिक्षिका किंवा टीवायची सीनियर मुलगी हवीच. नवख्यांसाठी प्रत्येक यंत्रावर मराठीत दोन ओळींची पाटी: कुठे बसायचं, काय ओढायचं, किती वजनापासून सुरुवात. जुन्या पोरांपैकी दोघांना नव्यांना शिकवायचं काम द्यायचं. जबाबदारी मिळाली की आरशासमोरची मुलं कमालीची सुधारतात. गाण्याचा आवाज कमी.

आणि पुढच्या अंदाजपत्रकात ट्रेडमिल मागणार असाल तर नका मागू. लोडशेडिंग आहे, पट्टा तुटला की मेकॅनिक जिल्ह्याहून येतो, आणि बाहेर मोफत रस्ता आहे. त्या पैशात मुलींचं स्वच्छतागृह नीट होईल, मैदानाच्या एका कोपऱ्यावर दोन दिवे लागतील आणि शंभर दोऱ्या येतील. तुमच्या आगाराचं आणि वर्गांचं वेळापत्रक पाठवलंत तर कोणता तास मोकळा काढता येईल ते बघून सांगते.